पालकातलं शिसं पकडणारी पट्टी

प्रश्न : उपनगरी रेल्वेच्या रुळांलगत सांडपाण्यावर वाढणारा पालक आणि लाल माठ आमच्याकडे विकायला येतो. त्यात शिसं, कॅडमियम असतं असं ऐकते. हे धातू ओळखणारे छोटे सेन्सर निघालेत म्हणे. असा सेन्सर पानाला टेकवून घरीच तपासता येईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पानाला टेकवून काही कळणार नाही. पण सेन्सरबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे.

पालेभाजीत किलोमागे शिसं 0.3 आणि कॅडमियम 0.2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं कोडेक्स हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. या मर्यादेवरचा एक ग्रॅम पालक आम्लात विरघळवून 50 मिलिलिटर द्रव केला, तर त्यात लिटरमागे अवघं 4 मायक्रोग्रॅम कॅडमियम भरेल. ते ना डोळ्यांना दिसतं, ना जिभेला जाणवतं. शिजवल्याने धातू नाहीसा होत नाही. धुतल्यावर पानावरची धूळ आणि तिच्यातलं शिसं बरंचसं जातं, पण मुळांवाटे आत शिरलेलं कॅडमियम तिथेच राहतं.

इतकं विरळ कॅडमियम हे सेन्सर पकडतात ते भिशीच्या हिशेबाने : थोडं थोडं साठवायचं आणि एकदम उचलायचं. प्लास्टिकच्या पट्टीवर कार्बनच्या शाईने छापलेला इलेक्ट्रोड द्रवात बुडवून त्याला ऋण विद्युतदाब देतात. द्रव ढवळत ठेवला की काही मिनिटांत विरघळलेला धातू इलेक्ट्रोडवर साचतो. मग विद्युतदाब धन बाजूला सरकवत नेतात. कॅडमियम साधारण उणे 0.8 व्होल्टला सुटतं, शिसं त्यानंतर, उणे 0.5 ते 0.6च्या दरम्यान. सुटताना प्रवाह एकदम वाढतो आणि आलेखावर टोक उमटतं. टोक कुठे आलं यावरून धातू कोणता ते कळतं, उंचीवरून किती ते.

या विद्येचं मूळ प्राग शहरात आहे. यारोस्लाव हेयरोव्स्की यांनी 1922 साली पाऱ्याच्या थेंबांचा इलेक्ट्रोड वापरून पोलॅरोग्राफी, म्हणजे विद्युतदाब बदलत प्रवाह मोजण्याची पद्धत, शोधली. 1959मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पारा या कामाला उत्तम, पण तो स्वतःच विषारी. अन्न तपासायला तो बाळगणं कोणालाच नको होतं. 2000 साली जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी कार्बनवर बिस्मथचा पातळ थर चढवून पाहिला. शिसं आणि कॅडमियम बिस्मथशी सहज मिसळतात, त्यामुळे टोकं स्पष्ट येतात. आणि बिस्मथ इतकं सौम्य की पोटाच्या औषधांतही वापरतात. इलेक्ट्रोडवर असा थर चढवण्यालाच जाणकार त्यात ‘सुधारणा’ करणं म्हणतात. पुढे अशा थरांत ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब यांचीही भर पडली.

माझ्या मते आता अडचण पट्टीची नाहीच, पानाची आहे. धातू पेशींच्या भिंतींना आणि प्रथिनांना घट्ट बांधलेला असतो. तो मोकळा करायला पानं नायट्रिक आम्लात तापवावी लागतात, आणि हे काम स्वयंपाकघरात कधीही करू नये. पान नीट विरघळलं नाही तर उरलेले सेंद्रिय पदार्थ इलेक्ट्रोडवर चिकटतात. भाजीतलं तांबंही टोकांची उंची बिघडवतं. म्हणून जाणकार त्याच द्रवात मोजून शिसं घालतात, टोक किती वाढलं ते पाहतात आणि त्यावरून मूळचं प्रमाण काढतात. एवढं केल्याशिवाय आलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. अशी यंत्रं घरोघरी नव्हे, बाजार समित्यांमध्ये, शिकलेल्या माणसाच्या हाती हवीत. पोत्यांनी माल उतरतो, तिथेच तो तपासला जावा.

तोवर तुमच्या हाती कायदा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006च्या कलम 40नुसार कोणताही ग्राहक शुल्क भरून विकत घेतलेलं अन्न सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र भाजी घेतानाच ‘ही तपासायला नेणार आहे’ असं विक्रेत्याला सांगावं लागतं. नमुन्यात दोष निघाला, तर शुल्क परत मिळतं.