बांबूचं रोप देण्याआधी

पिवळा बांबू मागायला कोणी आलं की मी आधी विचारते, लावणार त्या जागेपासून भिंत किती लांब आहे? "चिकटूनच आहे, तेवढीच जागा उरलीय," असं उत्तर आलं तर मी कंद देत नाही. चहा देते, कुंडीत राहील अशी दुसरी जात सुचवते, हव्या तेवढ्या काठ्या न्या म्हणते. काहींना राग येतो. आमच्या मागच्या कोपऱ्यातलं बेट काढताना ज्यांनी पाहिलं, त्यांना मात्र येत नाही.

आमचं घर निगडी प्राधिकरणात. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झालं आणि त्यानंतर पाडलेल्या प्लॉटांवर इथली जुनी घरं उभी राहिली. आमच्या घराच्या बाजूनं आणि मागून पाच-सहा फुटांची मोकळी पट्टी आहे. आधीच्या मालकांनी बांबू लावला होता तो नेमका या पट्टीच्या टोकाला, दोन कंपाउंड भिंतींच्या कोनात. घर बघायला आलो तेव्हा आम्हाला भुरळ पडली ती त्याचीच. सोनेरी काठी आणि तिच्यावर कोणी ब्रशनं ओढाव्यात तशा हिरव्या रेघा. दुपारचं पश्चिमेचं ऊन तो अडवायचा आणि स्वयंपाकघर त्यामुळे थंड राहायचं. आजही तो माझा सर्वांत आवडता बांबू आहे, म्हणूनच त्याच्याबद्दल इतकं काळजीनं लिहिते आहे.

बांबूचे ढोबळमानानं दोन स्वभाव असतात. काही जाती जमिनीखाली लांब धावतात आणि कुठेतरी दूर डोकं वर काढतात. काही बेट करून राहतात. आपल्याकडचे बहुतेक बांबू बेटाचे: रानातला मानवेल, काटेरी कळक, कोकणातला माणगा, तसाच हा पिवळाही. त्यामुळे "हा पसरत नाही, बिनधास्त लावा," असं विकणारा सांगतो आणि ते अर्धं खरं असतं. तो धावत नाही, पण दर पावसाळ्यात नवे कोंब जुन्या काठ्यांच्या बाहेरच्या अंगाला येतात आणि बेटाचा घेर वाढत जातो. मोकळ्यावर असेल तर चारही बाजूंनी वाढतो. कोपऱ्यात असेल तर दोन बाजू बंद, मग जोर लागतो तो भिंतीला.

फसगत होते ती रोपाच्या अंगकाठीमुळे. पिशवीतल्या रोपाच्या काड्या करंगळीएवढ्या असतात. त्या तशाच राहतात, कारण बांबूची काठी जमिनीतून ज्या जाडीची निघते त्याच जाडीची आयुष्यभर राहते. जाडी वाढते ती पुढच्या पिढीची. दुसऱ्या वर्षीचे कोंब पहिल्याहून जाड, तिसऱ्या वर्षीचे त्याहून जाड. पाच-सहा पावसाळ्यांनंतर मनगटाएवढा कोंब निघतो आणि दोन-तीन महिन्यांत तीस फुटांच्या वर जातो. तोवर बाकी बाग त्याच्याभोवती बसलेली असते.

आमच्याकडे आधी पेव्हर उचलले गेले. मग सामाईक भिंतीला तडा गेला आणि पावसाळ्यागणिक रुंदावत गेला. शेजारच्या काकूंच्या न्हाणीघराचं पाणी तुंबायला लागलं तेव्हा प्लंबरनं चेंबर उघडलं. आत मुळ्यांचा एवढा गुंता होता की तो हातानं ओढून काढावा लागला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बांबूच्या मुळ्या बारीक, तंतूंसारख्या. धडधाकट पाइप त्या फोडत नाहीत. पण जुन्या घरांच्या मातीच्या पाइपांचा सांधा जरा जरी झिरपत असला, तरी ओल शोधत त्या आत शिरतात. म्हणून बांबूजवळ चेंबर असेल तर दरवर्षी मे महिन्यात झाकण उघडून बघावं.

बेट काढायचं ठरलं तेव्हा कळलं की त्या पट्टीत जेसीबी शिरत नाही. पहार, घण आणि छिन्नी एवढ्यावरच काम. कंद एकमेकांत इतके अडकलेले असतात की एक हलवायला चार तोडावे लागतात. ऍसिड टाका, मीठ टाका असे सल्ले पुष्कळ मिळाले. माती नासते, शेजारची झाडं मरतात, म्हणून ते करू नका. आमच्या माळीदादांनी सांगितलेला उपाय सावकाशीचा होता पण तोच लागू पडला. सगळ्या काठ्या जमिनीलगत कापायच्या आणि पुढचे दोन पावसाळे जो कोंब दिसेल तो वीतभर असतानाच मोडायचा. पानच मिळालं नाही की कंदातला साठा संपतो, मग खणणं सोपं जातं. भिंत दोन्ही घरांनी मिळून नव्यानं बांधली.

काठ्या कापण्याआधीच त्या बेटाचे काही कंद चाकणजवळ कुरुळीला गेले होते. मिस्टरांच्या एका सहकाऱ्याचा तिथे प्लॉट आहे आणि रस्त्यावरून दिवसरात्र कंटेनर जातात. धूळ इतकी की कपडे बाहेर वाळत घालायची सोय नाही. तिथे बांबू लावला तो भिंतीपासून चांगला दहा-बारा फूट आत, आणि वरून तारा जात नाहीत हे बघून. ओली काठी वाऱ्यानं वाकून विजेच्या तारेला टेकली तर जिवावर बेतू शकतं. बेटाभोवती माणूस कुदळ घेऊन सगळीकडून फिरू शकेल एवढी वाट मोकळी ठेवली. दिवाळीनंतर त्या वाटेवर फूट-दीड फूट चर घेतात, चर ओलांडून आलेले कंद तोडतात, की घेर ताब्यात राहतो. धूळ आता पानांवर बसते आणि पहिल्या पावसात धुऊन जाते.

या कारखान्यांच्या पट्ट्यात आणखी एक प्रकार मी बघते. भंगारातले निळे प्लास्टिकचे ड्रम स्वस्तात मिळतात आणि लोक ते अर्धे कापून त्यात बांबू लावतात. बांबूला अर्धा ड्रम छानच, पण त्यात आधी काय होतं ते विचारा. कारखान्यातल्या ड्रममध्ये कूलंट, थिनर, ऍसिड काहीही असू शकतं. लेबल खरवडलेला ड्रम घेऊच नका. आणि कुंडीतला बुद्धा बेली बांबू पाहून तो जमिनीत लावायचा विचार असेल तर थांबा. त्याची पोटं सुटलेली कांडी कुंडीतल्या अडचणीमुळे येतात. जमीन मिळाली की तो सरळ, उंच वाढतो आणि ती शोभा जाते. अरुंद जागेला बारीक काठीचा हेज बांबू बरा, तोही छाटत राहायची तयारी असेल तरच.

देण्यासाठी कंद काढायचा तो जूनच्या तोंडाशी, बेटाच्या बाहेरच्या कडेचा. एक-दोन वर्षांची काठी निवडा, तीन-चार फुटांवर कापा आणि खालच्या कंदाला फुगीर डोळे आहेत ना ते बघा. डोळे नसतील तर नवा कोंब कुठून येणार? बेटाला धक्का लावायचा नसेल तर दोन-तीन गाठींचा तुकडा ओल्या मातीत आडवा पुरूनही पिवळा बांबू फुटतो. तो मी पिशवीत एक पावसाळा सांभाळते आणि मगच देते. त्याआधी खोडाच्या गाठी आणि पानांची पाठ बोटानं पुसून बघते. पांढरा पिठ्या ढेकूण किंवा काळी काजळी दिसली तर ते रोप घराबाहेर जात नाही. शेजाऱ्याला रोपाबरोबर कीड देणं फार वाईट.

कोंबाला हात लावताना हातमोजे हवेतच. नव्या कोंबाच्या आवरणावर तपकिरी, मखमली दिसणारी कुसं असतात. ती कातडीत रुतली की तासन्‌तास खाज थांबत नाही, लहान मुलांच्या डोळ्यांपाशी तर ती अजिबात जाता कामा नयेत. काठी कापताना गाठीच्या अगदी वर कापा. गाठीपासून बरीच वर कापली तर उरलेल्या नळीत पाणी साठतं आणि डेंग्यूच्या डासांना आयती जागा मिळते. तशा खुंटात वळवळणाऱ्या अळ्या मी स्वतः पाहिल्या आहेत. असे खुंट असतील तर नळीत माती भरून टाका.

बेट आटोक्यात ठेवायचा सगळ्यात सोपा मार्ग मला कुरुळीलाच सापडला. तिथे भाड्यानं राहणारी आसामची मुलं आहेत, कंपनीत कामाला. जुलैत त्यांनी संकोचत विचारलं, "कोंब नेऊ का?" आता ते दरवर्षी बाहेरच्या कडेचे कोंब नेतात, सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकळतात आणि ते पाणी फेकून देतात. कच्चा कोंब कधीच खायचा नाही, त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. काठ्या नेणारेही आहेत. गुढीला, टोमॅटोच्या मांडवाला, गणपतीच्या मखराला. पिवळ्या बांबूत पिष्ट जास्त असल्यानं भुंगा लवकर लागतो. म्हणून काठ्या थंडीत कापाव्यात, तीन वर्षांवरच्याच कापाव्यात आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

"परवानगी लागते का?" असंही विचारतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात जंगलाबाहेरचा बांबू झाड मानला जात नाही. तरी शहरात अख्खं बेट काढायचं असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारून घेतलेलं बरं.

रोप नेणाऱ्याला मी एवढंच बजावते की तिसऱ्या पावसाळ्यात मला बोलवा. जाड कोंब तेव्हा यायला लागतात आणि कोणता ठेवायचा, कोणता मोडायचा हे फोनवर सांगता येत नाही, जागेवर उभं राहूनच ठरवावं लागतं.