मूत्राशयातील सूक्ष्मजीवांची वस्ती

निरोगी माणसाचे मूत्र मूत्राशयात असेपर्यंत पूर्णतः निर्जंतुक असते, असे वैद्यकशास्त्र शंभराहून अधिक वर्षे मानीत आले होते. या समजुतीचे मूळ एकोणिसाव्या शतकात सापडते. शुद्ध, बंद पात्रात ठेवलेले मूत्र नासत नाही, हे लुई पाश्चर यांनी दाखवून दिले होते. प्रयोग बिनचूक होता. परंतु जे नासत नाही त्यात जीवच नाही, हा निष्कर्ष मात्र घाईचा ठरला.

पुढे १९५६ साली अमेरिकेत एडवर्ड कास यांनी एक मोजमाप सुचविले. एक मिलिलिटर मूत्रात एक लाख किंवा अधिक जीवाणू आढळल्यास तो नमुना घेताना झालेला बाहेरचा संपर्क नव्हे, तर खरा संसर्ग समजावा, असे ते मोजमाप होते. प्रयोगशाळांनी ते सरसकट स्वीकारले. त्यांची नित्याची पद्धतही ठरून गेली. मिलिलिटरचा हजारावा भाग मूत्र संवर्धकावर पसरायचे आणि एक दिवस उबेत ठेवायचे. ई. कोलायसारखा झपाट्याने वाढणारा जीवाणू यात सहज सापडतो. जे सावकाश वाढतात किंवा ज्यांना प्राणवायू सोसत नाही, त्यांची दाद मात्र लागत नाही.

शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील संशोधकांनी ही पद्धतच बदलली. नळीने थेट मूत्राशयातून घेतलेले मूत्र त्यांनी शंभरपट अधिक प्रमाणात वापरले, निरनिराळ्या वायूंच्या सान्निध्यात दोन दिवस ठेवले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६५ स्त्रियांपैकी ५२ जणींच्या मूत्रात जीवाणू वाढले. त्या ५२ पैकी ४८ नमुन्यांवर नित्याच्या तपासणीने 'वाढ नाही' असाच शेरा दिला होता!

या वस्तीत लॅक्टोबॅसिलस हे दह्यातील जीवाणूंचे भाऊबंद बरेचदा आढळतात. ते लॅक्टिक आम्ल निर्माण करतात आणि त्या आम्लात रोगकारक जीवाणूंना तग धरणे कठीण जाते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, तसे योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलसही कमी होतात आणि मूत्रसंसर्ग पुनःपुन्हा होऊ लागतो. १९९३ सालच्या एका चाचणीत योनिमार्गात इस्ट्रोजेनचे मलम वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये हे जीवाणू परतले व संसर्गही पुष्कळ कमी झाला. लघवीची अनावर घाई होणाऱ्या स्त्रियांच्या मूत्राशयातील वस्ती निराळी असते, असेही दिसून आले आहे. ते विकाराचे कारण की परिणाम, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

व्यवहारातील प्रश्न प्रतिजैविकांचा आहे. तपासणीत जीवाणू दिसले की औषध द्यायचे, ही सवय जुनी आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या, पण त्या वेळी कोणताही त्रास नसलेल्या तरुण स्त्रियांवर इटलीत एक चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. प्रतिजैविके दिलेल्या स्त्रियांनाच पुढील वर्षभरात अधिक वेळा संसर्ग झाला. उपद्रव न देणारे जीवाणू नाहीसे झाल्याने उपद्रवी जीवाणूंना जागा मोकळी झाली असावी. म्हणूनच जळजळ, ताप यांसारखे लक्षण नसताना केवळ अहवाल पाहून औषध देऊ नये, असे आता सांगितले जाते. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गातील शस्त्रक्रियेस जाणारे रुग्ण हे याला अपवाद होत. त्यांच्या बाबतीत लक्षणांची वाट पाहणे धोक्याचे ठरते.