दोन कार्बुरेटरांचा मेळ

फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 साली यामाहाच्या आरडी 350 या नमुन्यावर आधारलेली राजदूत 350 ही मोटारसायकल बाजारात आणली. ते दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. तथापि तिचे जतन करणारे हौशी लोक आजही आढळतात. या गाडीच्या दोन सिलिंडरांना दोन स्वतंत्र मिकुनी कार्बुरेटर आहेत. त्यांची निगा राखणे हे केवळ हौसेचे काम नव्हे, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे.

कार्बुरेटर वाहत्या हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळतो. गाडी दीर्घकाळ उभी राहिली म्हणजे पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर जेटची सूक्ष्म छिद्रे बुजवितो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावाही शोषून घेते आणि त्यामुळे धातूचे भाग गंजतात. एका बाजूचा जेट अंशतः बुजला तरी दुसऱ्या सिलिंडराच्या जोरावर इंजिन चालतच राहते. परंतु पेट्रोल कमी मिळालेला सिलिंडर अतिशय तापतो, दट्ट्या फुगून जागीच अडकतो आणि भरवेगात मागचे चाक जखडले जाण्याचा धोका उद्भवतो.

काम हवेशीर जागी, ज्योतीपासून दूर करावे. प्रथम पेट्रोलचा नळ बंद करावा. डाव्या व उजव्या कार्बुरेटरचे भाग दोन निराळ्या थाळ्यांत ठेवावेत. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवावे. रबरी भाग आधी काढून घ्यावेत, कारण तीव्र द्रावणात ते फुगतात. जेटच्या छिद्रात तार कधीही घालू नये. छिद्राचा व्यास किंचित वाढला तरी मिश्रणाचे प्रमाण बिघडते. द्रावणात भिजवून दाबाच्या हवेने प्रत्येक मार्ग साफ करावा व छिद्रातून उजेड दिसतो की नाही हे पाहावे.

जोडणी करताना नवी गॅस्केटे वापरावीत. तरंगकाची सुई व तिची बैठक झिजली असल्यास दोन्ही बदलावीत. तरंगकाची उंची निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे दोन्हीकडे सारखी ठेवावी. सरकत्या झडपेची कापलेली बाजू हवागाळणीकडे असावी. सिलिंडराकडील रबरी जोड तडकलेला असेल, तर त्यातून जादा हवा शिरते व सारे श्रम वाया जातात.

अखेरीस दोन्ही झडपा एकाच क्षणी वर उचलल्या जातील, अशा बेताने केबली जुळवाव्यात. त्याच ओढीने तेलाचा पंपही चालतो, म्हणून त्याची खूणही तपासावी. थोडे अंतर चालवून स्पार्क प्लग पाहावेत. दोहोंचा रंग बदामी असल्यास मेळ साधला असे समजावे. एखादा पांढुरका दिसल्यास गाडी पुढे चालवू नये.

येथे आणखी एक सूचना आवश्यक आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने वाहनच 'व्हिंटेज' ठरते. म्हणजे राजदूत 350 ला 2033 पूर्वी तो दर्जा मिळणार नाही. शिवाय दिल्ली परिसरात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर निर्बंध कायम केले आणि पुढे त्यांच्या अंमलबजावणीत बदल झाले. तेव्हा गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी प्रचलित नियम पाहणे इष्ट होय.