खलनायिकांचं शेल्फ

कॉन्व्हेंटच्या गॅदरिंगमध्ये मी सावळी म्हणून कायम चेटकीण! तेव्हापासून परीकथांतल्या खलनायिकांच्या छोट्या मूर्ती जमवतेय. तर मित्रमैत्रिणींनो, होस्टेलच्या शेल्फवर त्या मांडायच्या कशा? आधी विषय ठरवा. माझा विषय मत्सर. म्हणून डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’मधली राणी (१९३७) आणि ‘सिंड्रेला’ची सावत्र आई (१९५०) शेजारी-शेजारी. ‘स्लीपिंग ब्यूटी’तली मॅलेफिसंट (१९५९) मात्र वेगळ्या कोपऱ्यात, तिचं दुखणं निराळं, तिला बारशाचं आमंत्रणच नव्हतं! उंच मूर्ती मागे, बुटक्या पुढे. थेट ऊन नको, रंग उडतो. टेबल लॅम्प खालून मारला तर चेहरे भेसूर दिसतात, बाजूने मारला तर माणसांसारखे. मी बाजूनेच मारते. स्टेजवर मलाही वाटायचं, कोणीतरी आपल्याकडे असं बघावं.