तीनशे किलोमीटर आणि एक बटवा

आधीच सांगते, माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

सध्या आमच्या हॉस्टेलवर एकच चर्चा आहे. मास्टर्ससाठी जर्मनीला गेलेल्या सीनिअर्सनी युरोपच्या रोड ट्रिपचे फोटो पाठवलेत आणि रात्री मेसमधून येताना प्रत्येक जण म्हणतो, "आपण पण जायचं यार!" जाऊ की. पण लांबच्या प्रवासाची तयारी कशी करायची हे मी युरोपात नाही, झरी ते पंढरपूर या पायी वाटेवर शिकले. तेच इथे सांगते.

झरी हे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं माझं गाव. गेल्या आषाढीला मी आजीबरोबर गावच्या दिंडीत गेले. साठ माणसं, एक टेम्पो. वाट परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, बार्शी अशी. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, दिवस पंधरा. म्हणजे रोज सरासरी वीस किलोमीटर. हे काही फार नाही बरं का! शेगावहून निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी आमच्याच परभणी-गंगाखेडवरून जाते आणि ते वारकरी सुमारे साडेसातशे किलोमीटर चालतात.

१. वजनाचं गणित

निघताना माझी सॅक तेरा किलोची होती. तीन जीन्स, हेअर ड्रायर (हसू नका), दोन जाड पुस्तकं. आजीची कापडी पिशवी जेमतेम चार किलोची. स्पेनमध्ये सांतियागोपर्यंत अशीच एक मोठी पायी यात्रा असते. तिथे सांगतात की पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. आजी पंचेचाळीस किलोची. म्हणजे कुठलाही ब्लॉग न वाचता तिचं गणित बरोबर होतं!

आता हिशोब करा. एक पाऊल साठ सेंटिमीटरचं धरलं तर वीस किलोमीटरला तेहेतीस हजार पावलं होतात. जास्तीचा प्रत्येक किलो तेवढ्या वेळा उचलायचा. दुसऱ्याच दिवशी ड्रायर आणि पुस्तकं परभणीला मावशीकडे टाकली.

सॅक भरताना जड वस्तू पाठीला चिकटून ठेवा. फर्स्ट इयरला मोमेंट शिकलोय ना? वजन तेच असलं तरी ते पाठीपासून जितकं लांब, तितकं मागे ओढतं. आणि नवे बूट घालून कधीच निघू नका. मी घातले होते. गंगाखेडपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले.

२. अंगावर काय, गाडीत काय

दिंडीत सामानाचे दोन भाग असतात. वळकटी, जास्तीचे कपडे, ताट-तांब्या, शिधा हे सगळं टेम्पोत. टेम्पो पुढे जातो, मुक्कामाला भेटतो. खांद्यावर फक्त पाणी, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद आणि फडक्यात बांधलेले धपाटे. धपाटे दोन दिवस टिकतात, गरम करावे लागत नाहीत.

माझी खरी चूक इथे झाली. गंगाखेड सोडलं त्या पहाटे मी मोठ्या हुशारीने आजीची पिशवी आवरली आणि तिचा बटवाही टेम्पोतल्या बॅगेत टाकला. बटव्यात तिच्या बीपीच्या गोळ्या होत्या. सकाळी तिने मागितल्या तेव्हा म्हटलं, "मुक्कामाला देते गं आजी."

दुपारी धो धो पाऊस झाला. टेम्पो पाणी भरायला आडरस्त्याला गेला आणि काळ्या मातीत रुतला. आपल्याकडची काळी माती तुम्हाला माहीतच आहे, भिजली की चाक सोडत नाही. संध्याकाळी आजीला गरगरायला लागलं. मी एका काकांच्या मोटरसायकलवर बसून मेडिकल गाठलं. दुकानदाराने विचारलं, "गोळीचं नाव?"

मला माहीत नव्हतं. "पांढरी, छोटी, गोल," एवढंच सांगता आलं. तो म्हणाला, "ताई, अशा पन्नास गोळ्या आहेत माझ्याकडे. अंदाजाने देता येणार नाही." चिठ्ठी बॅगेत, बॅग टेम्पोत. घरी फोन करावा तर मोबाईल बंद, आणि चार्जरही टेम्पोत. काकांच्या मोबाईलवरून करावा तर घरचा एकही नंबर पाठ नाही. थर्मोडायनॅमिक्समध्ये मला डिस्टिंक्शन आहे. त्या काउंटरसमोर त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

रात्री अकराला ट्रॅक्टरने टेम्पो निघाला. आजीने गोळी घेतली. मी तिच्या उशाशी बसून रडत होते. ती म्हणाली, "रडू नको माय. पण ज्याची वस्तू त्याच्याजवळ असावी." दुसऱ्या दिवशी परळीला डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी एक दिवस विश्रांती सांगितली. आम्ही दोघी टेम्पोत बसून अंबाजोगाईला गेलो. बालाघाटाचा तो चढ पायी चढायची आजीची फार इच्छा होती. माझ्यामुळे तो राहिला.

३. तर मग नियम

- जी वस्तू एक दिवस नसली तरी जीव अडतो, ती अंगावरच. औषध, चष्मा, थोडे सुटे पैसे.
- औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून. मोबाईलमधला फोटो हा दुसरा पर्याय, पहिला नव्हे.
- घरचे दोन नंबर पाठ हवेत.
- दुसऱ्याची बॅग त्याला विचारल्याशिवाय भरू नका.
- दर चार दिवसांनी एक दिवस कमी चालीचा ठेवा. पाऊस आणि पाय टाइमटेबल पाळत नाहीत.

पासपोर्ट-व्हिसावाल्या ट्रिपलाही हेच लागू आहे. गाडीची डिकी म्हणजे तुमचा टेम्पो. ती कधी रुतेल सांगता येत नाही.

यंदा निघायच्या आदल्या रात्री आजीने मला समोर बसवलं. "सांग, गोळीचं नाव काय?"

"अ‍ॅम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम."

"हां," म्हणाली, आणि बटवा स्वतःच्या कमरेला खोचला.