शोभेच्या माशांचें पाणी व औषधास दाद न देणारे रोगजंतु

शेतीस जोडधंदा म्हणून शोभेचे मासे पाळण्याकडे हल्लीं पुष्कळ शेतकरी वळूं लागले आहेत. सन २०१६ पासूनच्या शेततळ्यांच्या योजनेमुळें आपल्या प्रांतीं पाण्याचे सांठे वाढले, आणि सन २०२० मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत शोभेच्या माशांच्या संगोपनासही साहाय्य ठेवण्यांत आलें. गप्पी, मोली, गोल्डफिश, कोई, गुरामी इत्यादि जाती थोड्या जागेंत व थोड्या पाण्यांत वाढतात. म्हणून हा धंदा लहान खातेदारासही झेपण्यासारखा आहे. परंतु या धंद्याबरोबर एक घातक संवयही पसरत आहे. चार मासे मेले कीं प्रतिजैविक औषधाची पुडी हौदांत रिकामी करावयाची, ही ती संवय होय. तिनें मासे वांचत नाहींतच. उलट औषधास दाद न देणारे रोगजंतु मात्र तयार होतात. हें कसें घडतें व तें टाळावें कसें, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

रोगजंतु येतात कोठून?

शोभेच्या माशांस रोग करणाऱ्या जंतूंत एरोमोनास या वर्गाचे जंतु प्रमुख होत. ते नदी, तळें, ओढा अशा सर्व गोड्या पाण्यांत वास करितात आणि धडधाकट माशास सहसा उपद्रव देत नाहींत. मासा अशक्त झाला म्हणजे त्यांचें फावतें. हौदांतील दाटी, तळाशीं सडणारें खाद्य, त्यापासून उत्पन्न होणारा अमोनिया, प्राणवायूची उणीव, पाण्याच्या उष्णतेंत एकाएकीं होणारा फरक आणि दूरच्या प्रवासाचा शीण, हीं अशक्तपणाचीं मुख्य कारणें. मग अंगावर तांबडे चट्टे व व्रण पडतात, पर व शेपटी झडूं लागते, पोट फुगतें आणि खवले उभे राहतात.

तथापि प्रत्येक दुखणें या जंतूंचेंच असतें असें नाहीं. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके एका सूक्ष्म परोपजीवी प्राण्यामुळें उठतात. कापसासारखे पुंजके बहुधा बुरशीचे असतात. या दोहोंवर प्रतिजैविक औषधाचा कांहीं एक उपयोग नाहीं. रोग न ओळखतां औषध घालणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणेंच होय.

जंतु निर्ढावतात कसे?

कपाशी पिकविणाऱ्या वाचकांस ही गोष्ट समजण्यास कठीण नाहीं. बीटी कपाशीचें विष पचविणारी गुलाबी बोंडअळी सन २०१७ मध्यें विदर्भांत केवढी नासाडी करून गेली, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. हौदांतही तोच न्याय लागू पडतो. कोट्यवधि जंतूंत थोडे असे असतात कीं ते अमुक औषध सहन करूं शकतात. औषधानें बाकीचे मरतात व या थोड्यांस सगळें रान मोकळें मिळतें. अर्ध्या तासांत एकाचे दोन या मानानें वाढणारा एक जंतु दहा तासांत दहा लाखांवर जातो. यावरून नवी पिढी उभी राहण्यास किती थोडा वेळ लागतो याची कल्पना येईल.

याहून वाईट गोष्ट ही कीं, औषध सोसण्याचा गुण एका जातीचा जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूस देऊं शकतो. हा गुण ज्या सूक्ष्म वलयांत सांठविलेला असतो, त्यांस प्लास्मिड म्हणतात. एकाच प्लास्मिडावर अनेक औषधांविरुद्धचे गुण असूं शकतात. त्यामुळें माशाच्या जंतूनें कमावलेली शक्ति पुढें माणसास रोग करणाऱ्या जंतूच्या हातीं पडणें शक्य असतें. हौदाच्या भिंतीवर जो बुळबुळीत थर धरतो, तो तर या देवघेवीचा बाजारच होय.

सन १९२८ मध्यें पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं सन १९४५ मधील नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांतच सांगून ठेविलें होतें कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, ते औषधास सरावतात. आपल्या हौदांत मात्रा बहुतेक अपुरीच पडते. ऑक्सिटेट्रासायक्लिन हें औषध पाण्यांतील चुना व मॅग्नेशियम यांशीं बांधलें जातें. दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असल्यामुळें त्यांत घातलेल्या पुडीचा फार थोडा अंश माशास पोंचतो. औषध खाद्यांतून द्यावें, तर आजारी मासा आधीं खाणेंच सोडतो. शिवाय गाळणींतील जे हितकर जंतु अमोनियाचें रूपांतर करून पाणी निर्विष राखतात, ते कित्येक औषधांनीं मरतात, आणि चार दिवसांनीं रोगाऐवजीं अमोनियानें मासे मरूं लागतात.

परदेशांतील दोन अनुभव

ही भीति केवळ तर्काची नव्हे. ब्रिटनमध्यें आयात झालेले शोभेचे मासे व ज्या पाण्यांतून ते आले तें पिशवींतील पाणी यांची तपासणी करून सन २००९ मध्यें एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत पारखलेल्या ९४ एरोमोनास जंतूंपैकीं ४७, म्हणजे बरोबर निम्मे, पंधरा किंवा त्याहून अधिक प्रतिजैविक औषधांस दाद देत नव्हते. दुसरा अनुभव ऑस्ट्रेलियांतील आहे. तेथें सन २००३-०४ मध्यें साल्मोनेला जंतूच्या एका बहुऔषधरोधक प्रकारानें जुलाबाचें दुखणें झालेल्या रुग्णांचा माग काढतां तो घरांतील माशांच्या टांक्यांपर्यंत पोंचला. रुग्णांत लहान मुलें होतीं.

माणसास धोका

शोभेचा मासा कोणी खात नाहीं, म्हणून त्यास वाटेल तें औषध द्यावें, असा पुष्कळांचा समज आहे. मासा ताटांत येत नाहीं हें खरें. पण त्याचें पाणी आपल्या हातांवर येतें, ओढ्यास मिळतें आणि कोथिंबिरीच्या वाफ्यांतही शिरतें. कोलिस्टिन हें माणसाच्या अत्यवस्थ दुखण्यांतील अखेरच्या औषधांपैकीं एक. अन्नासाठीं पाळलेल्या प्राण्यांत व मत्स्यशेतींत त्याचा वापर सन २०१९ मध्यें सरकारनें बंद केला, तो याच भीतीनें. शोभेच्या माशांसाठींही तें वर्ज्यच समजावें.

हौदांत काम करणाराच्या हातास जखम असेल तर एरोमोनास जंतु तींत शिरून ती चिघळवूं शकतात. मायकोबॅक्टेरियम मरायनम हा दुसरा जंतु सन १९२६ मध्यें माशांत प्रथम वर्णिला गेला. त्यानें बोटांवर व हातावर सावकाश वाढणाऱ्या गांठी येतात व उपचारास महिनेच्या महिने लागतात. अशी न भरणारी गांठ दिसतांच वैद्यास आपण माशांचें काम करतों हें आवर्जून सांगावें, म्हणजे निदानास विलंब लागणार नाहीं.

काय करावें?

(१) विकत आणलेले मासे तीन आठवडे अलग टांकींत ठेवावे. त्या टांकीची जाळी व बादली निराळी असावी. पिशवींतील पाणी आपल्या हौदांत कदापि ओतूं नये.

(२) दाटी टाळावी. पांच मिनिटांत संपेल इतकेंच खाद्य घालावें, उरलेलें काढून टाकावें व दर आठवड्यास सुमारें चौथाई पाणी बदलावें. पाण्यांतील प्राणवायु दर लिटरास ५ मिलिग्रॅमच्या खालीं जाऊं देऊं नये.

(३) मासे आजारी दिसतांच औषधाकडे हात न नेतां प्रथम पाणी तपासावें: अमोनिया, उष्णता, प्राणवायु. तिसरा हिस्सा पाणी बदलावें व रोगी मासे वेगळे करावे. मेलेले मासे ओढ्यांत न फेंकतां चुना घालून पुरावे.

(४) मर थांबली नाहीं तर औषध घालण्यापूर्वींच आजारी पण जिवंत मासे तपासणीस पाठवावे; मेलेल्या माशांत कुजविणारे जंतु लवकर शिरतात व निदान चुकतें. मुंबईस वर्सोवा येथें केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था व रत्नागिरीस मत्स्य महाविद्यालय आहे. तेथें किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयांत प्रथम चौकशी करावी. प्रयोगशाळेंत जंतु वाढवून त्यांवर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवितात. जिच्या भोंवतीं जंतूंची वाढ खुंटते, तें औषध उपयोगी पडण्याचा संभव असतो.

(५) औषध द्यावेंच लागलें, तर तें जाणत्या पशुवैद्याच्या सल्ल्यानें, मोजून, अलग टांकींत द्यावें. ठरलेले दिवस पुरे करावे, मध्येंच सोडूं नये. रोग नसतां प्रतिबंधक म्हणून तर मुळींच देऊं नये. दिलेल्या औषधाचें नांव, मात्रा व तारीख वहींत टिपून ठेवावी.

(६) रोगी हौदाचें पाणी गाळ बसवून निवळावें. निवळलेल्या १००० लिटर पाण्यांत, शेंकडा ३३ क्लोरिन असलेली ताजी ब्लीचिंग पावडर ३० ग्रॅम घालावी, म्हणजे क्लोरिनचें प्रमाण दहा लाखांत सुमारें दहा भाग होतें. गढूळ पाण्यांत तिचा जोर वायां जातो. हें पाणी दोन दिवस उन्हांत उघडें राहूं द्यावें व मग झाडांच्या आळ्यांस द्यावें. पालेभाजीस देऊं नये, विहिरीजवळ जिरवूं नये व ओढ्यांत सोडूं नये. क्लोरिननें जंतु मरतात, तरी औषधाचा सर्व अंश नाहींसा होतोच असें नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

(७) हातास जखम असल्यास रबरी मोजे घालावे. नळीनें पाणी काढतांना तोंडानें ओढूं नये. काम संपतांच साबणानें हात धुवावे, आणि माशांचीं भांडीं स्वयंपाकघरांत आणूं नयेत.

तात्पर्य, शोभेच्या माशांच्या धंद्यांत पाणी हेंच शेत आहे. तें नीट राखलें तर औषधाची गरज क्वचितच लागते. तें बिघडलें तर कोणतेंही औषध पुरें पडत नाहीं. ज्या औषधावर उद्यां आपल्या घरच्या मुलाचा जीव अवलंबून असेल, तें आज माशांच्या हौदांत उधळणें हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आमचे सभासद या धंद्यांत शिरतांना जितका विचार भांडवलाचा करितात, तितकाच पाण्याचाही करतील, अशी आमची खात्री आहे.