सुगरण पक्षी व भाताचे शेत

भिवंडी तालुक्यातील भातखाचरांच्या आसपास पावसाळ्यात ताड, शिंदी अथवा बाभळीस लोंबणारी सुगरणीची घरटी शेतकरी बंधूंच्या परिचयाची आहेत. नावावरून ही कारागिरी मादीची वाटते. वस्तुतः घरटे विणतो तो नर होय. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळील किहीम येथे निरीक्षण करून या पक्ष्यांच्या संसाराची खरी रीत उजेडात आणली. नर घरटे अर्धे विणून थांबतो. मादी येऊन ते पारखते. तिच्या पसंतीस उतरल्यावरच नर त्यास प्रवेशनळी जोडून ते पुरे करतो. नंतर दुसरे घरटे आरंभून दुसरी मादी मिळवितो. अंडी मादीच उबविते.

ही पाखरे भाताचे दाणे खातात हे खरे. परंतु पिलांना ती मुख्यतः कीटक भरवितात. विणीचा हंगाम साधारणतः जून ते सप्टेंबर असतो. गरवे भात पिकेपर्यंत बहुतेक पिले उडून गेलेली असतात. म्हणून घरटी तोडल्याने दाणा वाचत नाही. उलट कीटक वेचणारी पाखरे मात्र कमी होतात. दाणा दुधात आल्यापासून सकाळ-संध्याकाळ राखण करावी व डबे वाजवून थवे उठवावेत, हेच श्रेयस्कर.

बांधावरील झाडावर किती घरटी अर्धी व किती पुरी आहेत, याची तारीखवार नोंद दर आठवड्यास वहीत ठेवावी. आपल्या शिवारातील विणीचा काळ त्यावरून अचूक कळेल.